रुंद वरंब्यावरचे सोयाबीन : खरीप 2023 च्या प्रकल्प नोंदी

27 मे 2023

औसा तालुक्यातील आमच्या शेतकरी गटाने या खरिपात 14 एकरांवर रुंद वरंबा सरी पद्धतीने, म्हणजे सगळे ज्याला बीबीएफ म्हणतात त्या पद्धतीने, सोयाबीन पेरण्याचे ठरवले आहे. नऊ शेतकरी आहेत. प्रत्येकाने निदान 10 गुंठे रान नेहमीसारखे सपाट पेरावे आणि ते वरंब्याच्या शेजारीच असावे, असा आग्रह मी बैठकीत धरला आणि तो सर्वांनी मान्य केला. शेजारी शेजारी दोन पद्धती नसतील, तर ऑक्टोबरमध्ये जो तो आपापल्या आठवणीप्रमाणे बोलेल आणि आपल्या हाती काहीच लागणार नाही. नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.

ही पद्धत नवी नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत खोल काळ्या जमिनींसाठी तिच्यावर 1970 च्या दशकातच काम झाले होते. आपल्याकडे ती आता पसरते आहे, कारण चार ओळी पेरता पेरता दोन्ही बाजूंना सऱ्या पाडणारे ट्रॅक्टरचे यंत्र मिळू लागले आहे. वरंब्यावर 45 सेंमी अंतराने चार ओळी आणि दोन वरंब्यांच्या मध्ये 30 ते 45 सेंमीची सरी अशी रचना असते. पाऊस जास्त झाला तर सरी पाणी बाहेर काढते, आणि कमी झाला तर तेच पाणी अडवून मुरवता येते.

गटाने हे का स्वीकारले, तेही लिहून ठेवते. सप्टेंबर 2021 च्या शेवटी झालेल्या अतिवृष्टीत मांजरा नदीकाठचे उभे सोयाबीन पाण्यात गेले. 2022 च्या जुलैत संततधार आणि शंखी गोगलगायी एकदमच आल्या आणि गटातील चौघांना दुबार पेरणी करावी लागली. त्यामुळे यंदा सर्वांच्या मनात एकच हेतू आहे, तो म्हणजे जास्तीचे पाणी रानाबाहेर काढणे.

आज पाच जणांच्या घरच्या बियाण्याची उगवणचाचणी लावली. सोयाबीन स्वपरागसिंचित पीक असल्याने चांगले बियाणे दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते, आणि दर वर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडल्या, वरून दुसरे ओले गोणपाट घातले, गुंडाळी केली आणि गटातल्या आक्कांच्या पडवीत सावलीला ठेवली.

3 जून 2023

गुंडाळ्या उघडल्या. शंभरपैकी उगवलेले दाणे असे : 82, 78, 74, 71 आणि 53. किमान उगवण 70 टक्के हवी, म्हणून चार नमुने ठेवले आणि पाचवे बियाणे बाद केले. ते बियाणे बापूकाकांचे होते. वरून पाहिले तर तेच सर्वांत टपोरे दिसत होते, त्यामुळे काकांना ते मान्य होईना. मग त्यांच्यासमोर वाटीभर पाण्यात मूठभर दाणे टाकले. काही दाणे पाहता पाहता सुरकुतले आणि फुगले, कारण सालीला बारीक तडे गेलेले होते. गेल्या वर्षी रास करताना मळणी यंत्र जोरात फिरवले होते, असे काकांनी स्वतःच सांगितले. सोयाबीनची साल फार पातळ असते आणि अंकुर सालीच्या अगदी खाली असतो. पोते उंचावरून आपटले तरी उगवण घटते, मग यंत्राच्या वेगाची गोष्ट तर दूरच. काकांना गटातून परभणी विद्यापीठाच्या एमएयूएस 71 वाणाचे बियाणे देण्याचे ठरले.

12 जून 2023

रोहिणी कोरडी गेली आणि मृगही तसाच चालला आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळ आहे, मोसमी वारे कोकणाच्या दाराशी येऊन थांबले आहेत. मोकळा वेळ मिळाला, तो यंत्राच्या जुळणीला दिला.

यंत्र भाड्याचे आहे. चालकदादांनी सांगितले की मागच्या गावात उत्तम चालले, आता काही पाहायची गरज नाही. तरीही हिशेब करून पाहायचे ठरले. आमच्या बियाण्याच्या 100 दाण्यांचे वजन 12 ग्रॅम भरले. एकरी 22 किलो बियाणे धरले तर सुमारे 1,83,000 दाणे होतात. 45 सेंमी अंतराच्या ओळींची एकरातील एकूण लांबी जवळपास 9,000 मीटर भरते. म्हणजे ओळीत मीटरला 20 दाणे पडले पाहिजेत. सपाट पेरणीत आपण एकरी 30 किलो टाकतो, तेव्हा हाच आकडा 27-28 होतो, आणि पुढे ती दाटी आपणच विरळ करत बसतो.

यंत्र उचलून टेकूवर ठेवले. चाकाचा घेर 160 सेंमी होता, म्हणून दहा फेरे म्हणजे 16 मीटर आणि प्रत्येक नळीतून 320 दाणे यायला हवे होते. चारही नळ्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि चाक हाताने फिरवले. पहिल्या दोन पिशव्यांत 315 आणि 324 दाणे आले. तिसरीत 396 आले आणि चौथीत 241. पेट्यांतल्या दाणे सोडणाऱ्या छिद्रांच्या चकत्या काढून पाहिल्या, तेव्हा तिसऱ्या पेटीत दुसऱ्याच पिकाची, मोठ्या छिद्रांची चकती बसवलेली निघाली, आणि चौथ्या चकतीच्या छिद्रांत मागच्या रानातला चिखल वाळून बसला होता. चकती बदलली, दुसरी तारेने साफ केली आणि पुन्हा फिरवून पाहिले. चारही आकडे 310 ते 330 च्या आत आले.

या कामाला अडीच तास लागले. ते केले नसते तर 14 एकरांत दर चौथी ओळ विरळ उगवली असती आणि दोष पद्धतीवर गेला असता. चालकदादांनी नंतर ही रीत स्वतःच्या वहीत लिहून घेतली, याचा मला मनापासून आनंद झाला.

26 जून 2023

काल आणि आज मिळून पर्जन्यमापकात 23 मिमी पाऊस मोजला. माती वरून भिजली आहे, पण खुरप्याने उकरले तर चार बोटांखाली कोरडी ढेकळे लागतात. शिवारात काहींनी आजच पेरणीला हात घातला आहे. गटातही दोघांचा जीव कासावीस झाला होता. उशीर होत चालला आहे हे खरेच आहे, आणि आर्द्रा लागून चार दिवस झाले तरी चाड्यावर मूठ धरलेली नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या मनाला लागते. तरीही 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचे नाही, या ठरावावर गट टिकून राहिला. थांबण्याच्या बाजूने माझ्यापेक्षा आक्काच जास्त ठामपणे बोलल्या. त्यांचे शब्द असे होते : “यंत्रानं पेरलं म्हणून दाणा उगवतोय का पोरी? वाफसा बघ आधी.” वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल.

8 जुलै 2023

आज पेरणी सुरू झाली. जूनपासूनचा एकूण पाऊस 94 मिमी झाला. सकाळी मातीचा गोळा करून छातीइतक्या उंचीवरून टाकला, तो फुटून मोकळा झाला, म्हणजे वाफसा आला होता.

बीजप्रक्रिया पहाटेच आटोपली. आधी कार्बोक्झिन आणि थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला 3 ग्रॅम चोळले, आणि ते सुकल्यावर पेरणीच्या अगदी आधी द्रवरूप रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी 10 किलोला 100 मिली. हा क्रम उलटा करायचा नसतो, नाहीतर बुरशीनाशकाच्या हाताने जिवाणू मरतात. खत हेक्टरी 30 किलो नत्र, 60 किलो स्फुरद, 30 किलो पालाश आणि 20 किलो गंधक या शिफारशीने यंत्राच्या खतपेटीतून दिले.

पहिले रान थोरल्या काकांचे होते, खोल काळ्या मातीचे. यंत्र दोन वरंबे पेरून वळले आणि मी खुरपे घेऊन मागे बसले. पहिला दाणा सापडायला वेळ लागला. पट्टी लावली तर दाणा 7 सेंमी खोल होता. पुढचा 8 सेंमीवर निघाला. सोयाबीन 3 ते 5 सेंमीच्या खाली गेले, आणि वरून पाऊस पडून काळ्या मातीची पपडी बसली, की दलांसकट वर येणाऱ्या त्या कोवळ्या रोपाची मान तिथेच मोडते. ट्रॅक्टर थांबवला. सरी पाडणारे नांगरे मातीत बसत होते, त्याच सांगाड्यावर पेरणीचे फण असल्याने तेही सोबत खोल जात होते. खोलीची चाके दोन छिद्रे खाली घेतली, फण वर उचलून बोल्ट आवळले आणि तिसरा वरंबा पेरला. आता दाणा 4 सेंमीवर सापडला.

ते पहिले दोन वरंबे पुन्हा पेरू नयेत, तसेच ठेवावेत, अशी विनंती मी केली आणि काकांनी ती मानली. त्या वरंब्यांच्या टोकाला लाल चिंधी बांधली आहे.

संध्याकाळपर्यंत 5 एकर झाले. बापूकाकांचे रान माळाकडचे आहे, मातीचा थर वीतभर आणि खाली मुरूम. तेथे वरंबे करावेत की नाही, याबद्दल मला शंका होती, आणि मी ती बोलूनही दाखवली, पण सगळा गट करतो आहे तर आपणही करू, असे त्यांचे म्हणणे पडले.

16 जुलै 2023

रोपे मोजली. प्रत्येक रानात पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ धरली. वरंब्यावर सरासरी 14 ते 15 रोपे आहेत, जी आमच्या बियाण्याच्या उगवणीशी जुळतात. लाल चिंधीच्या दोन वरंब्यांवर 8 आणि 9. सपाट पट्ट्यात 21, पण एकसारखी नाहीत, कोठे तीन एका ठिकाणी तर कोठे वीतभर मोकळे.

गोगलगायींसाठी बांधाकडेने गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे टाकून ठेवली होती. सकाळी त्याखाली सापडलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या. गेल्या वर्षीच्या मानाने फारच थोड्या आहेत.

24 जुलै 2023

चार दिवस संततधार होती. ज्या कामासाठी सऱ्या पाडल्या होत्या, ते काम त्यांनी केले. खालच्या बाजूला सऱ्यांची तोंडे उघडून पाणी बांधाच्या चरात सोडले. आज दुपारी वरंब्यावरच्या मातीत पाय रुतत नव्हता, तर दहा हातांवरच्या सपाट पट्ट्यात घोट्यापर्यंत चिखल होता आणि रोपे पिवळी पडली होती.

दोन्हीकडची दोन-दोन रोपे खुरप्याने मातीसकट काढली आणि बादलीत अलगद धुतली. वरंब्यावरच्या रोपाच्या मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या. त्यातली एक नखाने फोडली, आत गुलाबी, जवळपास मांसासारखा रंग होता. हा रंग असला म्हणजे गाठीतले जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत. सपाट पट्ट्यातल्या रोपावर गाठी बारीक होत्या आणि फोडल्यावर आत फिकट, हिरवट निघाल्या. पाण्याने मातीतली हवा हुसकून लावली की मुळाबरोबर जिवाणूंचाही श्वास कोंडतो. थोरल्या काकांनी ती गुलाबी गाठ बराच वेळ तळहातावर धरून पाहिली. चाळीस वर्षे शेती करून आपण सोयाबीनचे मूळ असे कधी धुऊन पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी पिवळ्या पट्ट्यावर युरिया फेकण्याचा विचार सोडून दिला आणि वाफसा येताच कोळपे धरायचे ठरवले.

एक रुपयात पीकविमा भरण्याची सोय यंदा प्रथमच झाली आहे. गटातील सर्वांचे अर्ज भरून झाले.

7 ऑगस्ट 2023

पाऊस जुलैअखेर थांबला, तो अजून आलेला नाही. दुसरी कोळपणी पूर्ण झाली. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडे म्हणतात. कोळप्याने वरची दोन बोटे माती मोकळी झाली की खालची ओल भेगांतून उडून जाण्याचे थांबते. वरंब्यावर कोळपे चालवताना बैलजोडीला सरीतून चालता येते, त्यामुळे पीक तुडवले जात नाही, हा एक फायदा आमच्या ध्यानीमनी नव्हता.

सऱ्यांची उघडलेली तोंडे आज मातीने बंद केली, शिवाय दर वीस पावलांवर सरीत एक आडवा बांध घातला. पाऊस आलाच तर थेंबही बाहेर जाऊ नये.

19 ऑगस्ट 2023

अधिक श्रावणाचा उत्तरार्ध कोरडा गेला आणि निज श्रावणही तसाच लागला. पीक फुलोऱ्यात आहे. सोयाबीनला पाण्याची सर्वांत जास्त गरज फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना असते, आणि नेमका तेव्हाच खंड पडला आहे.

खोल काळ्या रानातल्या सपाट पट्ट्यात भेगा पडल्या आहेत. एका भेगेत कडब्याचे ताट सोडले, ते कोपरापर्यंतच्या हाताइतके खाली गेले. वरंब्यावर भेगा आहेत, पण कोळपणीच्या मोकळ्या मातीने बहुतेक बुजलेल्या आहेत. दुपारी दोन वाजता दोन्हीकडची पाने उलटी होऊन पांढरट दिसतात. फरक संध्याकाळी कळतो : वरंब्यावरचे पीक सहाच्या सुमारास पुन्हा ताठ होते, सपाट पट्ट्यातले अंधार पडेपर्यंत मान टाकून राहते. हा फरक मी तीन संध्याकाळी उभी राहून पाहिला, म्हणून लिहिते.

बापूकाकांच्या माळरानात मात्र चित्र उलटे आहे. तिथे वरंबेच आधी सुकले. उथळ मातीत उंचवटा केला की वाऱ्याला आणि उन्हाला त्याच्या तीन बाजू मिळतात, आणि खाली ओल धरून ठेवणारा थरच नसतो. सपाट पट्टा तुलनेने हिरवा आहे. ही पद्धत मध्यम ते खोल काळ्या जमिनीची आहे हे मला ठाऊक होते. मी शंका घेऊन थांबले, ठामपणे नको म्हणाले नाही, याचे मला वाईट वाटते. काकांना मी तसे आज सांगितले.

सर्व रानांवर 13:00:45 या विद्राव्य खताची 1 टक्का फवारणी केली, म्हणजे 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम. हा पाण्याला पर्याय नाही, पण पानांना काही दिवस ताण सोसण्याचे बळ देतो.

28 ऑगस्ट 2023

आक्कांच्या विहिरीला अजून पाणी आहे. त्यांनी ते स्वतःच्या उसाला न देता गटातील तीन एकर सोयाबीनला एकेकदा द्यायचे ठरवले. या निर्णयाची किंमत त्यांच्या उसाला मोजावी लागणार आहे, हे त्यांना पुरते माहीत होते.

थ्री फेज वीज रात्री असते. दहा वाजता मोटार सुरू केली. एक सोडून एक सरी धरायची, असे ठरले होते. तसे केले की वरंब्याला एका बाजूने ओल मिळते आणि निम्म्या पाण्यात रान भागते. पहिल्या सरीत पाणी सोडले, ते पन्नास फुटांवर जाऊन जणू थांबलेच. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर सरीच्या तळातल्या भेगा पाणी गिळत होत्या आणि आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता. वीस मिनिटे पाणी तिथेच मुरत राहिले. मग माती फुगून भेगा मिटल्या आणि पाणी पुढे सरकले. पुढच्या सऱ्यांत आम्ही आडवे बांध फोडून प्रवाह मोठा ठेवला, तेव्हा काम लवकर झाले. पहाटे सहाला वीज जाईपर्यंत सव्वा एकर भिजले. सपाट रानात एवढ्याच पाण्यात अर्धा एकरही भिजला नसता, असा थोरल्या काकांचा अंदाज आहे, आणि पाणी देण्याचा त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

उजाडल्यावर वरंब्याच्या मधोमध खुरपे घातले. वरची तीन बोटे माती कोरडी होती, त्याखाली ओल बाजूने सरकत पोचली होती. आक्कांनी ती माती मुठीत दाबून पाहिली आणि काही न बोलता दुसऱ्या रात्रीची पाळी ठरवायला निघाल्या.

उरलेले पावणेदोन एकर पुढच्या दोन रात्रींत भिजवायचे आहे. बाकीच्या 11 एकरांना देण्यासाठी पाणी नाही.

9 सप्टेंबर 2023

परवा रात्रीपासून पाऊस आला, दोन दिवसांत 41 मिमी. सरीतले आडवे बांध टिकले आणि सगळे पाणी रानातच मुरले. यंदाचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरल्याचे हवामान विभागाने सांगितले आहे. ज्या वर्षी आम्ही जास्तीच्या पाण्याची तयारी केली, त्याच वर्षी सरीचे दुसरे काम पहिल्यापेक्षा महत्त्वाचे ठरले.

पिवळा मोझॅक सुरू झाला आहे. पांढरी माशी हा रोग पसरवते आणि कोरड्या ऑगस्टमध्ये ती वाढली. पाने हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची होतात, मग झाड शेंगा धरत नाही. एकदा रोग लागलेले झाड बरे होत नाही, म्हणून ते दिसताच उपटून पुरणे हाच उपाय आहे. गटातील बायकांनी सकाळी ओळीओळीने फिरून झाडे उपटली. सरीतून चालत दोन्ही हातांना दोन-दोन ओळी नीट पाहता येतात, पीक मोडत नाही, त्यामुळे हे काम वरंब्यावर पूर्ण झाले. सपाट पट्ट्यात पीक दाट असल्याने आत शिरताच आले नाही, आणि तिथला रोग पसरतो आहे. पिवळे चिकट सापळे लावले आहेत. चक्रीभुंग्याने देठावर दोन गोल खाचा पाडून वाळवलेली पानेही सोबत खुडून घेतली.

14 सप्टेंबर 2023

आज पोळा, त्यामुळे काम बंद. शेंगा भरत आहेत.

13 ऑक्टोबर 2023

काढणी आणि मोजणी झाली. प्रत्येक रानात तीन ठिकाणी एकेक गुंठा आखून तो वेगळा कापला, वेगळा वाळवला, झोडपून वजन केले आणि एकराला हिशेब लावला. पाऊस मध्येच तोडून गेलेल्या वर्षाचे हे आकडे आहेत, ते तसेच वाचावेत.

थोरल्या काकांच्या खोल काळ्या रानात, पाणी न देता, वरंब्यावर एकरी 5 क्विंटल 90 किलो आणि शेजारच्या सपाट पट्ट्यात 4 क्विंटल 70 किलो उतारा आला. आक्कांच्या विहिरीचे एक पाणी मिळालेल्या वरंब्यांवर 8 क्विंटल 20 किलो. बापूकाकांच्या माळावर वरंब्यावर 2 क्विंटल 60 किलो आणि सपाटावर 2 क्विंटल 90 किलो. लाल चिंधीच्या दोन वरंब्यांवर 4 क्विंटल 40 किलो, म्हणजे चुकीच्या खोलीवर पेरलेला वरंबा सपाट पेरणीपेक्षाही मागे राहिला.

गटाच्या बैठकीत 8 क्विंटल 20 किलो हा एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी होता आणि तो बीबीएफचा उतारा म्हणून सांगितला जाऊ लागला होता. मी तिथे थांबवून सांगितले की हा आकडा वरंब्याचा आणि विहिरीच्या पाण्याचा मिळून आहे. पाण्याविना वरंब्याने दिलेली वाढ एकरी 1 क्विंटल 20 किलोची, आणि तीही खोल जमिनीत. याशिवाय एकरी 8 किलो बियाणे वाचले, ते वेगळे. पुढच्या वर्षी कोणी शेजारच्या गावचा शेतकरी विचारायला आला, तर त्याला माळाचा आकडाही सांगितलाच पाहिजे, असे बापूकाका स्वतः म्हणाले. गटाच्या वहीत त्यांच्या रानाचा आकडा सर्वांत वर लिहिला आहे.

22 ऑक्टोबर 2023

बियाण्यासाठी राखलेल्या दोन एकरांची रास आज केली. रोगट आणि वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडे आधीच काढलेली होती. मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 350 ते 400 च्या आत ठेवले. मजुरीच्या दृष्टीने हे काम लांबते, आणि यंत्रमालकाने त्याबद्दल कुरकुर केली, ती रास्तच होती, म्हणून त्यांना दोन तासांचे जादा भाडे गटाने दिले. बापूकाका सगळा वेळ यंत्राच्या तोंडाशी उभे राहून दर पोत्यातली मूठ पाण्याच्या वाटीत टाकून पाहत होते.

बाकीचा माल काहींनी मोंढ्यात नेला. यंदाचा हमीभाव क्विंटलला 4,600 रुपये आहे. आमच्या मालात ओल 12 टक्क्यांच्या वर भरल्याने मिळालेला भाव त्याच्या खाली आला. ज्यांना थांबणे शक्य होते त्यांनी माल पुन्हा खळ्यावर पसरला. मुलाच्या फीसाठी किंवा उधारी फेडण्यासाठी ज्यांना त्याच दिवशी विकणे भाग होते, त्यांना तो पर्याय नव्हता. पुढच्या हंगामात ओल मोजण्याचे छोटे यंत्र गटासाठी घ्यायचे आहे.

5 नोव्हेंबर 2023

सात एकरांत त्याच वरंब्यांवर हरभरा पेरला. नांगरट केली नाही, सरीत पडलेला पाला तसाच ठेवला आणि वरंब्याचा माथा फक्त वखराच्या एका हलक्या पाळीने मोकळा केला. ओल कमी आहे, म्हणून सरीतून एक हलके पाणी देऊन वाफशावर पेरणी केली. वरंबे दर वर्षी मोडायचे की दोन-तीन हंगाम तसेच ठेवायचे, यावर गटात दोन मते आहेत, त्यामुळे थोरल्या काकांचे अर्धे रान नांगरले आणि अर्धे तसेच ठेवले आहे.

बापूकाकांनी माळाचे वरंबे मोडून रान सपाट केले. पुढच्या खरिपात तिथे सोयाबीनऐवजी तूर आणि मूग घ्यावा, असे त्यांच्या मनात आहे. मातीचा थर किती खोल आहे हे बघण्यासाठी आम्ही पहारीने सहा ठिकाणी भोके पाडली. एका कोपऱ्यात दोन हात खोल काळी माती लागली. एवढ्याच कोपऱ्यावर जूनमध्ये तीन वरंबे करून पाहू, असे काकांनी सांगितले आणि तिथे एक खुंटी ठोकली.

बियाण्याची 11 पोती लाकडी फळ्यांवर ठेवली आहेत, थप्पी पाचपेक्षा उंच केलेली नाही. प्रत्येक पोत्यावर रानाचे नाव, रास केल्याची तारीख आणि मळणीचे फेरे लिहिले आहेत. उगवणचाचणी फेब्रुवारीत एकदा आणि मेअखेर एकदा करायची आहे.